बारखडी तोंडपाठ आहे, पण ‘काकी’ वाचता येत नाही: पहिलीतल्या मुलाचा वाचनसराव घरी कसा घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेसहा वर्षांचा असून मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीत शिकतो. मुळाक्षरे आणि बारखडी तो न अडखळता म्हणतो. पण पुस्तकात ‘काकी’ किंवा ‘पाटी’ असा साधा शब्द आला की ‘क ला काना का, क ला दुसरी वेलांटी की’ असे म्हणत म्हणत थांबतो आणि शेवटी शेजारचे चित्र पाहून ‘आजी’ असे काहीतरी सांगतो. शेजारची मुले इंग्रजी फोनिक्सच्या (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याच्या) वर्गाला जातात, तेव्हा त्यालाही तिथे घालावे का आणि घरी आपण नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी सत्तावीस वर्षे वऱ्हाडातल्या प्राथमिक शाळांमध्ये मुख्यतः पहिली आणि दुसरीचे वर्ग शिकवले आहेत. आपल्या मुलासारखे मूल माझ्या प्रत्येक वर्गात असायचे, आणि एक-दोन नव्हे, चांगली आठ-दहा मुले असायची. त्यामुळे पहिली गोष्ट अशी की, हे मूल मंद नाही, आळशी नाही आणि त्याचे लक्षही कमी नाही. त्याला जे शिकवले ते तो उत्तम शिकला आहे. त्याला बारखडी म्हणायला शिकवले, तो ती म्हणतो. वाचन ही निराळी गोष्ट आहे आणि ती अजून नीट सुरूच झालेली नाही.

याची खात्री आपण घरीच करून घेऊ शकता. पाटीवर ‘नी’, ‘मा’, ‘लू’, ‘के’ ही चार अक्षरे क्रम मोडून लिहा आणि एकेकावर बोट ठेवून विचारा. बहुधा ‘नी’ पाहिल्यावर तो मनात किंवा हलक्या आवाजात ‘न, ना, नि, नी’ असे खालून चढत येईल आणि मग उत्तर देईल. याचा अर्थ त्याला बारखडीची चाल येते, पण ‘ी’ हे चिन्ह कोणत्याही अक्षराला लागले की ‘ई’चा आवाज देते, ही गोष्ट त्याला उमगलेली नाही. मराठी वाचनाची सगळी किल्ली या एका उमजण्यात आहे. चौतीस व्यंजनांची बारखडी मांडली तर 408 अक्षरे होतात. मुलाने ती 408 वेगवेगळी चित्रे म्हणून पाठ करायची ठरवली तर वर्ष सरेल आणि शब्द तरीही वाचता येणार नाही; पण 34 व्यंजने आणि 11 चिन्हे यांची जोडणी त्याच्या हाती लागली, तर शिकायच्या गोष्टी केवळ 45 उरतात. (2009 च्या शासन निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ वर्णमालेत घेतले, त्यांची दोन चिन्हे यात नंतर मिळवावीत, ‘बॅट’ आणि ‘बॉल’ मुलाच्या तोंडी रोजच असतात.)

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, काही आठवडे घरातली बारखडीची उजळणी पूर्ण बंद ठेवावी आणि थोडी अक्षरे, एकच मात्रा (काना, वेलांटी अशांपैकी एकच चिन्ह) आणि पहिल्या दिवसापासून अर्थाचे शब्द, या वाटेने जावे. ही वाट माझी एकटीची नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरगटांनी वाचन शिकवण्याचे मोठे काम उभे केले. आताच्या पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर या दोन ठिकाणी मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत जो दीर्घ अभ्यास झाला, त्यातही तिसरीच्या अखेरीस बऱ्याच मुलांना सलग मजकूर वाचणे जड जात असल्याचे दिसले होते. आधी सगळी अक्षरे, मग सगळ्या मात्रा, मग शब्द आणि सर्वांत शेवटी अर्थ, अशी रांग लावली की मुलाला वाचनाचे फळ दिसायलाच फार उशीर होतो.

अक्षरांच्याही आधी कानाकडे वळावे. मुलाला शब्द ऐकून त्याचे तुकडे करता आले पाहिजेत, आणि यासाठी पाटी-पेन्सिल काहीच लागत नाही. भाजी निवडताना किंवा शाळेत सोडायला जाताना हा खेळ होतो. ‘बादलीतली बा काढून टाकली तर काय राहील?’ असे विचारावे. ‘दली’ हे उत्तर ऐकून मुले खदखदून हसतात आणि मग स्वतःच ‘साखरेतला सा काढू का?’ असे विचारू लागतात. ‘काम’सारखा दुसरा शब्द सांग, म्हटल्यावर ‘घाम’, ‘राम’, ‘नाम’ येतात. शब्दांच्या भेंड्या तर आपल्याकडे घरोघरी आहेतच. ‘कागद’ संपल्यावर ‘द’वरून शब्द शोधताना मूल शब्दाचे टोक कानाने पकडत असते. रोज पाच मिनिटे एवढे झाले तरी पुढची अर्धी अडचण कमी होते, कारण जे मूल ‘का’ आणि ‘की’ हे दोन तुकडे कानाने वेगळे करते, त्यालाच ते डोळ्यांनी जोडता येतात.

आता अक्षरे. पहिल्या गटात मी क, म, न, र, ल ही पाच अक्षरे आणि काना घेते. ही अक्षरे एकमेकांपासून दिसायला बऱ्यापैकी वेगळी आहेत आणि त्यांच्यातून मुलाच्या ओळखीचे पुष्कळ शब्द निघतात: काका, मामा, नाना, मका, मला, कान, नाक, मान, काम, लाल, नरम. म आणि भ, घ आणि ध, ब आणि व, प आणि ष या जोड्या कधीही एकाच आठवड्यात देऊ नयेत. एक अक्षर पक्के होऊन महिना झाल्यावरच त्याचे जुळे भावंड आणावे. ‘ख’ तर पुष्कळ मुलांना ‘रव’ असा दिसतो आणि ‘ण’मध्ये त्यांना काना लावलेला ‘र’ दिसतो. ङ आणि ञ यांची पहिलीत काहीच घाई नाही, कारण मुलाच्या बोलण्यातला एकही शब्द त्यांच्यावाचून अडत नाही.

शब्दांच्या क्रमाबद्दल एक बारीक गोष्ट सांगते, जी मला स्वतःला लक्षात यायला कित्येक वर्षे लागली. मूल ‘क’, ‘म’, ‘ल’ ही तिन्ही अक्षरे बरोबर वाचते, पण जोडताना ‘क-म-ल’ असे तीन पूर्ण ठोके देते आणि त्यातून त्याला ‘कमल’ ऐकूच येत नाही. आपण बोलताना शेवटचा ‘ल’ पाय मोडल्यासारखा उच्चारतो, लिहिताना मात्र तो पूर्ण असतो. ‘घर’, ‘बदक’, ‘कागद’ या सगळ्यांत हेच घडते. मोठ्यांना हे जाणवत नाही आणि मुलाची चूक नेमकी कुठे होते आहे ते कळत नाही. त्यामुळे सुरुवातीचे शब्द शेवटी काना असलेले निवडावेत: काका, मामा, मका, मला. यात लिहिलेले आणि बोललेले तंतोतंत जुळते. ते सहज जमू लागले की ‘काम’, ‘नाक’, ‘कान’ घ्यावेत आणि त्यानंतर ‘कमल’, ‘नरम’. मूल ‘ना… क…’ असे तुटक वाचून थांबले तर ‘आता हेच घरी बोलतोस तसे पटकन म्हण’ एवढेच सांगावे. पहिल्या दिवशी हे सांगावे लागते, आठव्या दिवशी लागत नाही.

साहित्य म्हणून जुन्या लग्नपत्रिका पुरेशा आहेत. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूचे तळहाताएवढे तुकडे कापून त्यांवर ठळक स्केचपेनने एकेक अक्षर लिहावे, आणि काना मात्र वेगळ्या अरुंद पट्टीवर काढावा. ‘क’चे कार्ड समोर ठेवून विचारावे, ‘हा कोण?’ मग कान्याची पट्टी सरकवत त्याच्या उजवीकडे आणून चिकटवावी आणि पुन्हा विचारावे. पट्टी काढली की ‘क’, लावली की ‘का’. हीच पट्टी उचलून ‘म’ला लावावी, ‘न’ला लावावी, ‘ल’ला लावावी. साधारण चौथ्या-पाचव्या वेळी मुलाच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलते. आपण पट्टी उचलण्याआधीच त्याचे तोंड ‘आ’साठी उघडलेले असते. तो क्षण आला की काना समजला. त्यानंतर मुलाच्या हातात पट्टी देऊन आपण शब्द सांगायचा आणि त्याने तो मांडायचा. मांडलेला शब्द त्यानेच बोट फिरवून वाचायचा. हात लिहिण्याइतका तयार नसला तरी शब्द ‘लिहिण्याचे’ काम अशा रीतीने आधीच सुरू होते.

एका आठवड्यात वाक्य द्यावे. पाच अक्षरे आणि एक काना एवढ्यावर ‘मामा, मला मका’ असे वाक्य होते. माझ्या वर्गातली एक मुलगी हे वाक्य बोट ठेवून सावकाश वाचत गेली आणि शेवटी फळ्यावर नसलेला ‘दे’ तिने आपणहून जोडला: ‘मामा, मला मका दे.’ त्यानंतर फळ्याकडे पाहून ती म्हणाली, ‘बाई, दे लिहायचा राहिला.’ त्या दिवशी मी ‘द’ आणि ‘दे’वरची ‘एक मात्रा’ ठरलेल्या वेळेच्या पुष्कळ आधी शिकवली, कारण ती मात्रा तिला हवी होती. एखादे मूल नसलेला शब्द जोडते तेव्हा ते अर्थ लावत वाचत असते. अशा वेळी ‘जे लिहिले आहे तेवढेच वाच’ असे दटावू नये. कौतुक करावे आणि मग तो शब्द खरोखर लिहिलेला आहे का, ते दोघांनी मिळून शोधावे.

पुढच्या गटात प, त, ट, द, स ही अक्षरे, ‘आ’ आणि ‘ई’ हे स्वर आणि दुसरी वेलांटी घ्यावी. पहिल्या वेलांटीच्या आधी दुसरी घेण्याचे कारण मराठीच्या लेखनातच आहे. 1962 सालच्या लेखननियमांनुसार मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहिला जातो. ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद सोडले तर मुलाच्या तोंडचे मी, ताई, काकी, पाटी, माती, नदी असे सगळे शब्द दुसऱ्या वेलांटीचे आहेत. पहिली वेलांटी त्यामानाने कमी भेटते आणि ती अवघडही आहे, कारण ती लिहिलेली असते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची असते नंतर. ‘कविता’ हा शब्द मुले ‘कीवता’ असा वाचतात. हे वाचन निष्काळजीपणाचे नाही. वेलांटी ‘क’ आणि ‘व’ यांच्या मधे उभी असते आणि आधी शिकलेल्या सवयीप्रमाणे मूल ती डावीकडच्या अक्षराला जोडून टाकते. इथे पुन्हा पट्टी कामी येते. पहिल्या वेलांटीची पट्टी ‘व’च्या डाव्या बाजूला ठेवून तिची वरची कमान बोटाने गिरवावी आणि कमान कोणाच्या डोक्यावर उतरते ते मुलाला सांगू द्यावे. ती ज्याच्या डोक्यावर उतरते, त्याचीच ती असते. उकारांच्या वेळी ‘रु’ आणि ‘रू’ वेगळे दाखवावेत, कारण तिथे उकार पायाशी लागत नाही, कमरेशी लागतो.

‘क ला काना का’ हे म्हणणे लिहिताना उपयोगी पडते, वाचताना ते आड येते. दोन अक्षरांच्या शब्दासाठी मुलाला दहा-पंधरा अक्षरांचे पाठांतर तोंडाने करावे लागते आणि दुसऱ्या ‘की’पर्यंत पोहोचेतो पहिला ‘का’ विसरलेला असतो; मग चित्र पाहून अंदाज करण्यावाचून त्याच्याजवळ दुसरे काय उरते? म्हणून वाचताना सरळ ‘का’ म्हणायचे. चित्राचा आधार घेणे वाईट नाही, पण शब्द वाचायच्या वेळी चित्रावर हात ठेवावा आणि वाचून झाल्यावर हात काढून ‘बरोबर आले का, बघ’ असे म्हणावे. मूल अडले की मनात पाच आकडे मोजावेत, मगच मदत करावी, आणि तीही पूर्ण शब्दाची नव्हे, फक्त पहिल्या अक्षराची. घरातली घाई मुलाला लगेच जाणवते.

च, ज आणि झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च एक नाही, ‘जीभ’ आणि ‘जहाज’ यांतला ज एक नाही. यासाठी कोणताही नियम सांगू नये. दोन्ही उच्चार करून बघ आणि ओळखीचा शब्द कोणता होतो ते सांग, एवढे पुरते, कारण शब्द त्याला आधीच येत असतो.

घरच्या बोलीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. आमच्या वऱ्हाडात ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘केळी’ला ‘केयी’ म्हणतात, कित्येक घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. पुस्तकातला ‘डोळा’ हा शब्द पाहून मूल ‘डोया’ म्हणाले, तर त्याने शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या भाषेत सांगितला. ते वाचन आहे. तिथे त्याला दहा वेळा ‘ळ’ म्हणायला लावून रडवणाऱ्या मोठ्या माणसांना मी पाहिले आहे, आणि पुढे ती मुले वर्गात तोंडच उघडेनाशी होतात. ‘हो, डोया, पुस्तकात त्याला डोळा लिहिले आहे’ असे सहज म्हणून पुढे जावे.

रोजचा सराव पंधरा मिनिटांचा पुरे, आणि तो रविवारी दीड तास एकदम घेण्यापेक्षा कितीतरी गुणकारी ठरतो. त्यातली पाच मिनिटे कानाचे खेळ, पाच मिनिटे कार्डे आणि पट्ट्या, पाच मिनिटे आपण लिहून दिलेली दोन-तीन वाक्ये. ताटलीत रवा पसरून त्यात बोटाने अक्षर काढणे मुलांना फार आवडते. एखादे अक्षर उलटे निघाले तर या वयात काळजीचे कारण नाही. या पंधरा मिनिटांखेरीज रात्री एक गोष्ट आपण त्याला वाचून दाखवावी. त्या वेळी त्याला वाचायला लावू नये, अक्षरे विचारू नयेत, तात्पर्य तर मुळीच विचारू नये. पुस्तकाच्या आत काय असते हे कळल्यावाचून अक्षरांशी झगडण्याचे बळ मुलात येत नाही. आई किंवा वडील स्वतः फारसे शिकलेले नसतील, तर चित्रांवरून गोष्ट रचून सांगितली तरी चालते.

इंग्रजी फोनिक्सचा वर्ग मी सध्या सुचवणार नाही. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा असतो, 26 अक्षरांना चाळीसहून अधिक ध्वनी सांभाळावे लागतात, म्हणून त्या भाषेला फोनिक्सची स्वतंत्र व्यवस्था लागते. मराठीत ‘म’चे नाव आणि आवाज एकच आहे, इथे अडचण मात्रेची आहे आणि ती त्या वर्गात सुटणार नाही. 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे ओळख शाळेत होतेच. मराठीची साधी वाक्ये वाचता येऊ लागली की इंग्रजीचा सराव जरूर घ्यावा, फक्त एक सांभाळावे: ‘बी’चा आवाज ‘ब’ असा पूर्ण न शिकवता पाय मोडून ‘ब्’ असा शिकवावा. नाहीतर मराठी मूल ‘ब-ॲ-ट’ असे म्हणत राहते आणि ‘बॅट’ त्याला जुळत नाही. मराठीत शब्दांचे तुकडे करायला शिकलेला कान तिथेही त्याला साथ देतो.

जोडाक्षरे पहिलीच्या उत्तरार्धात किंवा दुसरीत यावीत. अनुस्वार त्याआधी देता येतो, कारण ‘आंबा’ आणि ‘चिंच’ ऐकायला सोपे आहेत. जोडाक्षरांत आधी दंड (उभी रेघ) गळणारी घ्यावीत (पुस्तक, तुम्ही, प्याला) आणि ‘र’ची रूपे अगदी शेवटी: ‘चक्र’, ‘सूर्य’, ‘ट्रक’ आणि ‘वाऱ्यावर’ या चार शब्दांत एकच ‘र’ चार वेषांत येतो, हे मोठ्यांनाही नीट पाहावे लागते.

एवढे करूनही प्रगती दिसली नाही तर सर्वप्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत; सर्दीने वारंवार कान भरणारे मूल ‘ट’ आणि ‘ठ’ यांतला फरक ऐकूच शकत नाही, असे मी वर्गात पाहिले आहे. दुसरी संपत आली तरी ओळखीची अक्षरे रोज नव्याने विसरत असतील, घरात कोणाला लहानपणी वाचनाचा असाच त्रास झाला असेल, तर शाळेशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (वाचन-लेखन शिकणे मुळातच जड जाण्याचा) समावेश आहे आणि अशा मुलांना सवलती मिळतात. आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र, आपण जे वर्णन केले आहे त्यावरून, आज तशी शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही.

दोन गटांसाठी सहा आठवडे धरावेत. सहाव्या आठवड्याच्या शेवटी ‘मी, ला, का, टी, ना, पा, दी’ अशी वीस अक्षरे क्रम मोडून कार्डांवर लिहावीत आणि त्यांत ‘नापी’, ‘लाटा’, ‘मीदा’ असे पाच शब्द घालावेत. ते अर्थाचे असोत वा नसोत, त्याने पूर्वी न पाहिलेले हवेत, म्हणजे अंदाजाला जागा राहणार नाही. वीसपैकी सोळा-सतरा अक्षरे आणि पाचांपैकी चार शब्द खालून चढत न येता थेट वाचले, तर ‘दे’वरची ‘एक मात्रा’ आणि उकार सुरू करावेत. त्यापेक्षा कमी जमले, तर नवीन काहीही न देता कान्याच्या पट्टीकडे परत यावे आणि आणखी दोन आठवडे तिथेच राहावे.